खोलीचा सूर आणि मामांचा ऑक्टोपॅड

माझ्या खोलीत एक सूर हरवायचा. पाश्चात्त्य स्वरांतला तळाचा ए, ५५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनांचा. मी इलेक्ट्रॉनिक संगीत करते आणि बहुतेक गाणी ए हा षड्ज धरून बांधते, म्हणजे हरवत होता तो माझा ‘सा’च. खुर्चीत बसून ऐकलं की बासचा ‘सा’ पोकळ लागायचा, म्हणून मी तो वर चढवायचे. थोडा, मग आणखी थोडा, असं करत सहा डेसिबलपर्यंत गेले. पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये ते गाणं पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर लागलं तेव्हा त्या ‘सा’नं बाकीचं सगळं गिळलं. किकचा, म्हणजे खालच्या ड्रमचा, ठोका कळेना, वरच्या सुरावटीचा गाळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मला त्या घेववल्या नाहीत.

त्या रात्रीपासून सुरू झालेलं काम पुढे दीड वर्ष चाललं. आधी खोली, मग टेबल, मग स्टेज.

दुसऱ्या दिवशी तोच ‘सा’ चालू ठेवून खोलीभर फिरले. खुर्चीत तो नाहीसा होता. दाराशी, भिंतीला पाठ लावून उभी राहिले तर तो छातीत घुमत होता. कोपऱ्यात वाकून कान नेला तर कपाटाची काच थरथरताना ऐकू आली. गाणं एकच, स्पीकर तेच, आणि चार पावलांत एवढा फरक. एका मित्राकडून मोजमापाचा मायक्रोफोन आणला, ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि तळापासून टोकापर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून आलेख काढला. ५६ हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा होता.

हिशेब केल्यावर कारण कळलं. खोली दहा बाय बारा. टेबल मी बारा फुटी भिंतीला लावलं होतं, म्हणजे स्पीकर ज्या दिशेनं वाजत होते तिकडे दहाच फूट जागा, आणि माझं डोकं बरोबर मध्यावर, पाच फुटांवर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतरात जिची अर्धी लहर नेमकी मावते ती कंपनसंख्या ५६ हर्ट्झ निघते. तो सूर दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. भिंतीपाशी तो सर्वांत मोठा, मध्यावर जवळजवळ शून्य. माझ्या खोलीला स्वतःचा सूर होता आणि तो माझ्या ‘सा’च्या अगदी शेजारी होता. मी दोन वर्षं खोलीशी भांडत होते आणि चूक गाण्यात शोधत होते.

शिवाय माझे स्पीकर. यामाहाचे एचएस-५, पाच इंची पांढऱ्या कोनचे. कंपनीच्याच आकड्यांनुसार त्यांचा आवाज ७४ हर्ट्झला तीन डेसिबलनं आणि ५४ हर्ट्झला दहा डेसिबलनं उतरलेला असतो. म्हणजे ‘सा’पर्यंत पोचता पोचता ते आधीच दमलेले, आणि उरलेलं खोली खात होती. स्पीकर वाईट नाहीत. गळा, टाळी, हलगीची कड त्यांच्यावर लख्ख कळते. त्यांच्याकडून काय मागायचं नाही हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

सल्ले खूप मिळाले. अंड्यांचे ट्रे लाव, फोमचे चौकोन चिकटव. ५५ हर्ट्झची पूर्ण लहर वीस फुटांहून लांब असते. इंचभर फोमला ती जुमानत नाही. फोम फक्त वरचे स्वर शोषतो, मग खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी होते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. मी सुतारकाकांकडून पाइनच्या चौकटी करून घेतल्या, दोन बाय चार फुटांच्या. त्यांत ४८ घनतेचा रॉकवूल (दगडी लोकर), दोन इंची लाद्या एकावर एक ठेवून चार इंचांचा थर, आणि वरून हवा आरपार जाईल असं खादीचं कापड. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याचे तंतू कातडीला लागले की दोन दिवस खाज जात नाही. अशी सहा पॅनेल झाली. घर भाड्याचं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणून चार पॅनेल कोपऱ्यांत उभी केली आणि उरलेली दोन माझ्या कानांच्या दोन्ही बाजूंना, जिथून आवाज पहिल्यांदा भिंतीवर आपटून परत येतो तिथे.

सगळ्यात मोठा फरक मात्र फुकटात पडला. टेबल फिरवून दहा फुटी भिंतीला लावलं. आता स्पीकर बारा फुटांच्या दिशेनं वाजतात, डावी-उजवी बाजू सारखी आहे आणि माझं डोकं पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर. मध्य टाळायचा, एवढंच. आलेख पुन्हा काढला. खड्डा भरून आला होता. पूर्ण नाही, पण ‘सा’ खुर्चीत ऐकू येऊ लागला, आणि थांबला की थांबायला लागला. आधी तो नोट संपल्यावरही खोलीत रेंगाळायचा. त्या संध्याकाळी जुनं गाणं उघडून चढवलेले सहाच्या सहा डेसिबल काढून टाकले.

हॉलमधल्या त्या कार्यक्रमाला मामा सांगलीहून आले होते. पंचवीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला. जत्रा, वराती, गणपती, शाळांची गॅदरिंगं. रोलंड कंपनीनं १९८५ मध्ये त्या नावाचं आठ पॅडांचं यंत्र काढलं आणि पुढे आपल्याकडे आठ पॅडांचं कुठलंही यंत्र ऑक्टोपॅडच झालं. मामांचा होता एसपीडी-२०, १९९८ च्या सुमाराचा, त्याच कंपनीचा. आठ रबरी चौकोन आणि आत तबला, ढोलक, सिंथ, टाळ्या. कार्यक्रमानंतर चहा पिताना ते म्हणाले, ‘गाणं चांगलं हाय गं. पण तुझा हात कुठं वाजतोय तेच कळंना. माणसं स्टेजकडं बघत्यात. त्यास्नी बघायला काय?’

मी लॅपटॉपवर, एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये, क्लिप (आधी तयार केलेले तुकडे) चालवत होते. लॅपटॉपवर सुंदर वाजवणारे खूप आहेत. ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट हेंके यांनी तर स्वतःच्या स्टेजसाठी हातानं बटणांची पेटी बनवून घेतली होती. मला मात्र पडदा दिसला की मी बघू लागते, आणि बघू लागले की ऐकणं सुटतं. मामांनी नेमकं तेच पकडलं होतं. ‘मामा, तुम्ही शिकवाल का?’ विचारलं तर म्हणाले, ‘मला तुझं संगीत काय कळणार? पण वायरी कशा मांडायच्या ते सांगीन.’

मग मी स्वतःला दोन अटी घातल्या. चार फूट बाय दोन फुटांच्या टेबलावर सगळं मावलं पाहिजे, आणि मला एकटीला ते रिक्षात चढवता आलं पाहिजे.

सात महिने यंत्रं येत-जात राहिली. एक मोठा सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारा सिंथेसायझर, घेतला, आवाजाच्या प्रेमात पडले आणि वजनामुळे विकला. बाहेरून मागवलेल्या यंत्रावर जकात भरताना पोटात गोळा येतो, म्हणून जवळजवळ सगळं सेकंडहँड घेतलं, आणि घेताना प्रत्येक बटण, प्रत्येक जॅक हलवून पाहिला. शेवटी टेबलावर राहिलं ते हे. मधोमध डिजिटाक्ट, स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचा २०१७ सालचा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज ठेक्यात वाजवणारं यंत्र. आठ ट्रॅक आवाजांचे, आठ मिडीचे. मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी वायरीवरून एकमेकांना निरोप द्यायची ठरलेली पद्धत. डावीकडे कोर्गचा मिनीलॉग, एका वेळी चार सूर वाजवणारा अ‍ॅनालॉग सिंथ. उजवीकडे रोलंडचा टीबी-०३, बास वाजवणारा, फूटभर रुंदीचा. मागे आठ चॅनेलचा छोटा मिक्सर, त्याच्या बाजूला एक डिले पेडल, आवाजाचे पडसाद उमटवणारं. आणि सगळ्यात पुढे, स्टँडवर, मामांचा ऑक्टोपॅड.

टीबी-०३ हा टीबी-३०३ चा धाकटा वारस. मूळ यंत्र १९८१ चं, बास वाजवणारा नसेल तेव्हा गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्या कामात ते चाललं नाही, उत्पादन बंद पडलं, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. मग शिकागोतल्या तरुणांनी त्याची फिल्टरची बटणं वाजता वाजता पिळली आणि अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. मला अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच्या काही वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच टीबी-३०३, त्याच्या जोडीला टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. तबकडी निघाली आणि विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं. मुंबईतल्याच कुणीतरी हे आपल्या आधी करून ठेवलं आहे, हे कळल्यावर माझी एक भीती गेली. ही यंत्रं आपली नाहीत, अशी ती भीती होती.

त्यांच्या वेळी मिडी नव्हतं. मिडी आलं १९८३ मध्ये. जानेवारीत, अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात, डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरनं जोडून दाखवले. दोन कंपन्या, एकमेकींच्या स्पर्धक, आणि एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजला. त्या कराराचं मोल मला मामांचा ऑक्टोपॅड डिजिटाक्टला जोडला तेव्हा कळलं. दोघांमध्ये एकोणीस वर्षांचं अंतर, एक जपानी, एक स्वीडिश. पाच पिनांची वायर लावली, पॅडचे नोट-नंबर बदलले, काठी मारली आणि माझा आवाज वाजला. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग आजच्या मानानं मुंगीचा आहे, पण एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि काठी मारणाऱ्या हाताला तो जाणवत नाही. लॅपटॉपवर मी ५१२ सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून मग सोडण्याची सोय, ठेवायचे तेव्हा नुसत्या बफरचेच साडेअकरा मिलिसेकंद जायचे. तिथे काठी आणि आवाज यांच्यात फट पडते, आणि मामांसारख्या माणसाला ती पहिल्याच ठोक्याला खटकते.

घड्याळ डिजिटाक्टच्या हाती दिलं. तो एका मात्रेला चोवीस टिकटिक पाठवतो, छोट्या थ्रू पेटीतून (एका मिडी वायरीच्या अनेक वायरी करणाऱ्या) ती बाकीच्यांना मिळते आणि सगळे एका लयीत चालतात. कागदावर सोपं. सरावात मात्र तीन संध्याकाळी एक भुताटकी झाली. मध्येच डिजिटाक्ट दुसऱ्याच पॅटर्नवर उडी मारायचा. मी वायरी बदलल्या, यंत्र पुसून पुन्हा भरलं. शेवटी लक्षात आलं की मी ऑक्टोपॅडचा आवाज बदलायला त्याचं बटण दाबलं की तो ‘प्रोग्रॅम बदल’ असा निरोप वायरीवरून सोडतो. डिजिटाक्ट तो इमानेइतबारे पाळत होता. सेटिंगमध्ये एक खूण काढली आणि भूत गेलं. यंत्रानं आज्ञा मोडली नव्हती. आज्ञा मीच देत होते.

आवाजांसाठी मी सांगलीला गेले. तयार सॅम्पलांच्या फायली माझ्याकडे हजारोंनी होत्या, पण मला हलगी हवी होती. मामांच्या ओळखीतल्या एका हलगीवाल्या काकांनी अंगणात वाळलेलं गवत पेटवलं, हलगी त्यावर धरून तापवली, बोटानं टकटक करून बघितली, पुन्हा धरली. कातडं ताणलं जातं तसा सूर चढतो. पहिल्या पाच मिनिटांत हलगी जी कडकडते ती नंतर नाही, हळूहळू ती उतरते आणि पुन्हा शेकावी लागते. मी हातातल्या रेकॉर्डरवर दोन्ही घेतलं, तापलेली आणि उतरलेली. आज माझ्या सेटमध्ये सुरुवातीला उतरलेली हलगी आहे आणि शेवटाकडे तापलेली. मध्ये कुठे बदलते ते मी ठरवते. बारीक काठीचा आणि जाड काठीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवले, म्हणजे डिजिटाक्टच्या प्रत्येक पायरीला त्यांचा सूर आणि लांबी वेगळी देता येते. एका प्रोजेक्टमध्ये ६४ एमबी सॅम्पल मावतात, मोनोत (डावा-उजवा आवाज वेगळा न ठेवता) अकरा मिनिटांच्या आसपास. आधी हे कमी वाटलं. पण प्रत्येक आवाज ठेवायचा की नाही हे विचारावं लागलं, आणि दोनशे फायलींच्या एकोणचाळीस झाल्या.

आता वीज. या भागावर कुणी लिहीत नाही, आणि स्टेजवरची निम्मी दुखणी इथलीच असतात. माझ्या टेबलावर तीन-चार काळे अडाप्टर होते, दिसायला जुळे. मिनीलॉगला ९ व्होल्ट लागतात आणि पिन आतून धन. डिले पेडललाही ९ व्होल्टच, पण आतून ऋण. डिजिटाक्टला १२. एका रात्री अंधारात मी मिनीलॉगचा अडाप्टर पेडलमध्ये घातला. वास आला आणि दिवा गेला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास फिरून एक दुरुस्तीवाले काका सापडले. त्यांनी उघडून जळका डायोड दाखवला. ‘हा बिचारा मेला म्हणून बाकीचं वाचलं,’ म्हणाले, आणि दुसरा डायोड लावून दिला. मामांना फोनवर सांगितलं तर ते रागावले नाहीत. पुढच्या खेपेला रंगीत चिकटपट्ट्या घेऊन आले. लाल, पिवळी, निळी. अडाप्टरच्या पिनेला जो रंग, तोच यंत्राच्या भोकाशेजारी. मिनीलॉग लाल, पेडल पिवळं, डिजिटाक्ट निळा. ‘अंधारात आकडे वाचायचं न्हाईत,’ ते म्हणाले. ‘रंग जुळवायचा.’

मग गुणगुण. लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला म्हणून मिक्सर यूएसबीनं जोडला की एक बारीक किरकिर यायची आणि खाली घूं असा अखंड सूर. आपली वीज ५० हर्ट्झची. माझा ‘सा’ ए असल्यामुळे हा घूं कोमल आणि शुद्ध निषादाच्या मध्ये कुठेतरी बसतो, जिथे कुठलाच सूर नाही. एकदा कानाला कळल्यावर तो सोसवत नाही. काहीजण अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात. ते कधीही करू नये. गुणगुण जाईल, पण एखादं यंत्र बिघडलं तर विजेला जायला तुमचं शरीर हीच वाट उरेल. मी ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये घातला आणि त्याचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबलं. आवाज पुढे जातो, अर्थिंगच्या वायरींतून फिरणाऱ्या गुणगुणीचा फेरा तुटतो, आणि यंत्रांचं अर्थिंग जागेवर राहतं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली. घूं गेला. त्या शांततेत पंखा बंद करून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

पावसाळ्यात जॅक काळे पडतात, बटणं फिरवताना खरखरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. एवढं पुरतं.

कानांबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे, कारण मामांनी ऑक्टोपॅड मला का दिला हे मला उशिरा कळलं. मला वाटलं होतं, नवा घेतला असेल. एका रात्री माझ्या खोलीत सगळं बंद झाल्यावर मी म्हटलं, ‘किती शांत झालं ना आता?’ ते म्हणाले, ‘तुला. माझ्या कानात शिट्टी हाय. कायम.’ पंचवीस वर्षं पाठीशी स्पीकरची भिंत आणि कानात काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती जाणार नाही, पण वाढू द्यायची नाही. म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं होतं, आणि घरात कुणाला कारण सांगितलं नव्हतं. अमेरिकेतल्या नायोश या, कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब करत गेलं तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. स्टेजवर, क्लबात, मिरवणुकीत १०० डेसिबल ही रोजची गोष्ट आहे. माझा सेट चाळीस मिनिटांचा. मी संगीतकारांसाठीचे इअरप्लग घेतले, सगळे स्वर सारखेच उतरवणारे, आणि ते घालूनच सराव करू लागले, म्हणजे स्टेजवर परकं वाटायला नको. हे वाचणारं कुणी ढोल-ताशा पथकात असेल, बेंजो पार्टीत असेल, डीजेच्या गाडीमागे उभं राहत असेल, तर त्यानं यंत्र घ्यायच्या आधी हे घ्यावं. माझ्या टेबलावरच्या सगळ्या सामानात ते सगळ्यात स्वस्त आहेत.

कार्यक्रम ऑगस्टमध्ये ठरला. पुण्यातलीच जागा, दीडशे माणसं मावतील एवढी. आधी विचारून ठेवलं होतं, तरी गेल्यावर कळलं की स्टेजवर मिक्सरची लाइन घ्यायला वेगळी सोय नाही. जे काही आहे ते डीजेचं, दोन सीडीजे (गाणी वाजवायचे प्लेअर) आणि त्यांच्यामधला मिक्सर. म्हणजे माझा आवाज त्याच्या मागच्या आरसीए भोकांतून जाणार. मामांच्या नियमानं बॅगेत प्रत्येक वायर दोनदा होती, जाड जॅकची आरसीए करणारीही. व्यावसायिक यंत्रांची पातळी घरगुती लाइनपेक्षा सुमारे बारा डेसिबल वरची असते, म्हणून माझ्या मिक्सरचा मुख्य फेडर मी अर्ध्याखाली ठेवला आणि तिथे टेप लावली. साउंडवाले दादा म्हणाले, ‘ताई, आपला पीए मोनो आहे.’ पीए म्हणजे हॉलची स्पीकर यंत्रणा. मोनोचं मला घरीच कळलेलं होतं, वेगळ्या तऱ्हेनं. महिन्याभरापूर्वी मोनोचं बटण दाबल्यावर मिनीलॉगचा रुंद, कोरस इफेक्टमधून काढलेला लांब सूर जवळजवळ नाहीसा झाला होता. डाव्या-उजव्या लहरी एकमेकींना खोडत होत्या. तेव्हापासून मी सगळं मोनोतच बांधत होते. दादांनी सब वूफर जरा उतरवला, मी ‘सा’ वाजवला. सगळ्या हॉलमध्ये चालत गेले. दाराशी, मध्यावर, बारपाशी. तो होता तेवढाच होता. कुठे हरवत नव्हता, कुठे गिळत नव्हता.

टेबलाखाली एक लहान यूपीएस ठेवला होता, संगणकाला लावतात तसला, ६०० व्हीएचा. तोही मामांचाच हट्ट. ‘जत्रंत जनरेटर बसला की गाणं बसायचं. आमची लय तुटायची. तुझी तर सगळी यंत्रं पुसली जातील.’ एवढं खरं. वीज गेली की चालू पॅटर्न थांबणारच.

सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं हात कडक होते. उतरलेली हलगी, खाली बास, मिनीलॉगचा एकच लांब सूर. मग टीबी-०३ चं फिल्टर उघडत गेले आणि समोर माणसं हलू लागली. मी खाली बघत नव्हते. बटणं हाताला ठाऊक झाली होती. बाहेर पाऊस धो धो चालू होता, तो विसरायला झालं.

पंचविसाव्या मिनिटाच्या सुमाराला वीज गेली. दिवे गेले, पीए गेला. एकदम अंधार आणि पत्र्यावरचा पाऊस. पण टेबलावर डिजिटाक्टच्या पायऱ्यांचे लाल दिवे डावीकडून उजवीकडे पळत होते. एक ते सोळा, पुन्हा एक. यूपीएस बारीक शिट्ट्या मारत होता. गाणं चालू होतं, फक्त ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी काय करावं ते मला क्षणभर सुचलं नाही. मग ऑक्टोपॅडवर हात चालू ठेवले. रबरावर काठीचा सुका आवाज, ठप ठप, तेवढाच. पुढे उभ्या असलेल्या चार-पाच जणांना तो ऐकू गेला आणि त्यांच्यातल्या कुणीतरी त्यावर टाळी धरली. दिव्यांवर नजर ठेवून मी मोजत राहिले. अठरा आवर्तनं झाली. दादांनी तेवढ्यात सगळे चॅनेल म्यूट केले होते, म्हणून जनरेटर लागला तेव्हा स्पीकरमधून धाड असा आवाज आला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी फेडर अगदी सावकाश वर आणला. माझी काठी आणि आतली हलगी एकाच ठोक्यावर होत्या. मी तेव्हाच तापलेल्या हलगीचा पॅटर्न घेतला.

मामा टेबलाच्या मागे, जमिनीवर बसले होते. कानात इअरप्लग, हातात मोबाइलची बॅटरी. तिचा उजेड माझ्यावर नव्हता, एक्स्टेन्शन बोर्डावर होता. वीज गेल्यापासून परत येईपर्यंत त्यांनी तो तिथून हलवला नव्हता.

सगळं संपल्यावर ते वायरी गुंडाळायला बसले. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पुढच्या वेळी ओढली की सरळ सुटते. मी यंत्रं पुसून बॅगेत भरत होते. पेडलच्या अडाप्टरवरची पट्टी घामानं सुटली होती. त्यांनी ती काढली, रिकामं होत आलेलं रीळ उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, ‘पिवळी संपत आलीया. उद्या तापकीर गल्लीतनं घेऊन ठेव.’